किरण, द्रव्य आणि मात्रा : विद्युत्-चुंबकीय प्रारणाचा वैद्यकीय विचार

हल्ली आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण पथ्यापथ्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारू लागला आहे. 'वैद्यराज, समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आहे. त्याच्या किरणांमुळे तर हे होत नसेल ना?' कोणाचे डोके दुखत असते, कोणाची झोप उडालेली असते, कोणाच्या घरात सुनेला दिवस गेलेले असतात. हाच रुग्ण श्वित्रावर बाकुची तैल लावून भर दुपारी गच्चीवर तासभर बसतो, तेव्हा मात्र त्याला किरणांचे काही भय वाटत नाही. एका किरणाचे अवास्तव भय आणि दुसऱ्याविषयी पूर्ण बेफिकिरी ही दोन्ही एकाच अज्ञानाची फळे होत. रुग्ण हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे नेत नाही, तो आपल्याकडे आणतो. म्हणून त्याचे उत्तर देण्याइतके ज्ञान वैद्याजवळ असणे आवश्यक आहे, असे आम्हास वाटते. प्रस्तुत लेख त्याच हेतूने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एक कुळ, अनेक बळे

रेडिओलहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. १८०० साली विल्यम हर्शेल यांना तांबड्या रंगापलीकडील अवरक्त किरण आढळले आणि पुढच्याच वर्षी रिटर यांना जांभळ्यापलीकडील अतिनील किरण सापडले. प्रकाश हा विद्युत्-चुंबकीय तरंग आहे, हा सिद्धांत मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी हर्ट्झ यांनी प्रयोगशाळेत रेडिओलहरी निर्माण करून तो प्रत्यक्षात दाखविला. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी कोलकात्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने, मधे तार नसताना, दूर ठेवलेली घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. बोस यांनी पुढे अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर संशोधन केले. फाइव्ह-जी सेवेसाठी आपल्या देशात २०२२ साली ज्या पट्ट्यांचा लिलाव झाला, त्यांतील २६ गिगाहर्ट्झचा पट्टा याच घराण्यातला आहे. ज्याला आज आपण अगदी नवे संकट समजतो, त्याचा अभ्यास या भूमीत सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता.

कुळ एक असले तरी या भावंडांचे बळ भिन्न आहे. प्लांक यांनी १९०० साली आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ साली दाखवून दिले की, प्रारणाची ऊर्जा अखंड धारेसारखी वाहत नाही. ती ठरावीक आकाराच्या पुड्यांत येते. या पुडीस आपण फोटॉन म्हणतो. तरंगलांबी जितकी कमी तितकी पुडी मोठी. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनमध्ये सुमारे १.८ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. अतिनील 'ब' किरणांत ती ४ च्या आसपास असते आणि छातीच्या क्ष-किरण तपासणीत हजारोंच्या घरात जाते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल-लहरीत ती केवळ ०.०००००३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी असते.

हा शेवटचा आकडा किती लहान आहे, हे समजण्यास शरीरातीलच एक माप घेऊ. ३७ अंश तापमानाच्या शरीरात प्रत्येक रेणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतो आणि त्या थरथरीची ऊर्जा सुमारे ०.०२७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मोबाइल-लहरीचा एक फोटॉन त्याच्या सात हजाराव्या भागाइतकाच आहे. रेणूतील इलेक्ट्रॉन उडवून त्याचे आयनीकरण करण्यास साधारणतः दहा-बारा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. जो फोटॉन शरीराच्या स्वाभाविक कंपापुढेही नगण्य आहे, तो एकट्याने जनुकद्रव्याचा बंध तोडू शकत नाही.

उष्णता निराळी, आघात निराळा

येथे एक शंका येईल. एक फोटॉन दुबळा असला तरी असे कोट्यवधी फोटॉन एकत्र आले तर? ते ऊतींना तापवितात. सूक्ष्मलहरींच्या भट्टीत, म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये, अन्न शिजते ते याच तत्त्वाने. म्हणून तीव्रता पुरेशी वाढविली तर रेडिओलहरीही इजा करू शकतात आणि शासकीय मर्यादा ठरतात त्या हे तापणे लक्षात घेऊनच.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. संपूर्ण शरीरास गॅमा किरणांची सुमारे ४ ग्रे इतकी मात्रा अल्पकाळात मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांच्या आत दगावतात. ४ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅमला ४ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेच वाढते. गरम चहाचा एक घोट घेतला तरी त्याहून अधिक उष्णता पोटात जाते. घोटाने कोणी मरत नाही आणि या मात्रेने मरतो, याचे कारण गॅमा किरणाची एकेक पुडी पेशीतील जनुकद्रव्य छिन्न करण्याइतकी बलवान असते.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा प्रकार आहे आणि वैद्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. अतिनील किरण सहसा आयनीकरण करीत नाहीत, पण त्वचेतील विशिष्ट रेणू ते शोषून घेतात आणि त्या रेणूंची रचना बदलते. जनुकद्रव्यातील शेजारचे दोन घटक परस्परांस चिकटतात, पेशी मरते किंवा कालांतराने बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यप्रकाशास १९९२ साली निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले ते यामुळेच. तात्पर्य, किरणाचा परिणाम जाणण्यास तीन प्रश्न पुरतात : किरण कोणता, त्याला शोषणारे द्रव्य कोणते आणि मात्रा किती?

आतप, श्वित्र आणि बाकुची

या तीन प्रश्नांचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच शास्त्रात आहे. चरकाचार्यांनी आतपाची गणना लंघनाच्या दहा प्रकारांत केली आहे, तशीच ती निरग्नि स्वेदातही केली आहे. ऋतुचर्येत हेमंतात आतपसेवन सांगितले आणि शरदात ते वर्ज्य केले. म्हणजे ऊन हे एक द्रव्य आहे, त्यास काळ आहे आणि मात्रा आहे, ही दृष्टी तेथे स्पष्ट आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात श्वित्राच्या रुग्णास मलपूचा स्वरस गुळासह देऊन नंतर यथाबल सूर्यसंताप घ्यावयास सांगितले आहे आणि त्या डागांवर उठणाऱ्या स्फोटांचे काय करावे, हेही दिले आहे. मलपू म्हणजे काकोदुंबर, अंजिराच्याच प्रजातीतील वनस्पती. अंजिराच्या चिकात सोरॅलेन वर्गाची द्रव्ये असतात, हे आज रसायनशास्त्राने सिद्ध केले आहे. डागांवर फोड येतात हे निरीक्षण आचार्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले आणि ते निरीक्षण आजही खरे ठरते.

बाकुचीच्या बियांतील सोरॅलेनाचा अभ्यास जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनज्ञांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. इजिप्तमध्ये अम्मी माजुस या वनस्पतीचा उपयोग श्वित्रासाठी पूर्वापार होता. तेथे एल् मोफ्ती यांनी तिच्यातून वेगळे केलेले सोरॅलेनाचे भावंड १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णांना देऊन पाहिले. १९७४ साली अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोरॅलेन आणि अतिनील 'अ' किरण यांची जोड सोरायसिसवर वापरली. तीच 'पुवा' चिकित्सा होय.

हिचे कार्य कसे चालते ते पाहा. सोरॅलेनाचा चपटा रेणू जनुकद्रव्याच्या दोन पायऱ्यांमध्ये सरकून बसतो. अंधारात तो विशेष काही करीत नाही. अतिनील 'अ' किरण पडताच तो दोन्ही बाजूंना बंध जोडतो आणि पेशीची वाढ थांबते. केवळ किरण असता हे घडत नाही, केवळ द्रव्य असताही घडत नाही, संयोगाने घडते. द्रव्य आणि आतप यांच्या संयोगाचा हा विचार वैद्यास परका नाही.

व्यवहारात यातून काही सावधगिरी निष्पन्न होते. साध्या उन्हाचा दाह बारा ते चोवीस तासांत पूर्ण दिसतो, पण सोरॅलेनयुक्त दाह दोन ते तीन दिवसांनी शिखरास पोहोचतो. रुग्ण पहिल्या दिवशी बसतो, काही होत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसतो आणि चौथ्या दिवशी फोडांनी भरलेला पाय घेऊन येतो. म्हणून पहिल्या आतपसेवनानंतर किमान तीन दिवस त्वचा पाहिल्याशिवाय काळ वाढवू नये. दुसरे असे की, खिडकीची काच अतिनील 'ब' किरण अडविते, पण 'अ' किरणांचा बराच भाग आत सोडते. बाकुची लावून मोटारीच्या खिडकीशी बसलेला रुग्ण आपण सावलीत आहोत असे समजतो, पण त्याच्या त्वचेस तसे वाटत नाही. तिसरे म्हणजे डॉक्सिसायक्लीनसारखी काही आधुनिक औषधेही त्वचेस प्रकाशासाठी हळवी करतात. ती चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय बाकुची देऊ नये. आभ्यंतर प्रयोगात तर गोमूत्रात अथवा आर्द्रक स्वरसात शोधन केलेलीच बाकुची हवी आणि यकृताची तपासणी हवी, कारण बाकुचीयुक्त औषधांनंतर यकृताची विकृती झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. दीर्घकाळ पुवा घेणाऱ्यांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले, हेही विसरता कामा नये. १९९७ साली ॲमस्टरडॅम येथे ३११ नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील 'ब' किरण सोरॅलेनाशिवाय श्वित्रावर वापरून चांगले फळ मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. आज अनेक त्वचारोगतज्ज्ञ प्रथम तेच वापरतात. असा रुग्ण तिकडून आपल्याकडे आला असल्यास वरून पुन्हा बाकुचीचा लेप देणे म्हणजे अतियोगास निमंत्रण होय.

कोवळे ऊन आणि निळा प्रकाश

नवजात बाळाची कावीळ हा असाच एक विषय. १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयातील परिचारिका सिस्टर वॉर्ड बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाचा उघडा भाग फिका आणि चादरीखाली झाकलेला तुकडा पिवळा राहिलेला त्यांनी डॉक्टरांस दाखविला. पुढे त्याच रुग्णालयात खिडकीत राहिलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिन उतरल्याचे ध्यानात आले. १९५८ साली क्रेमर आणि सहकाऱ्यांनी प्रकाशचिकित्सा प्रसिद्ध केली. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश बिलिरुबिनाचा आकार बदलतो आणि मग ते पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडते.

आपल्याकडे आजी बाळाला कोवळ्या उन्हात धरते. त्यामागील कल्पना चुकीची नाही, पण तेथे मात्रा मोजता येत नाही. जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत दिसणारी कावीळ, तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा किंवा दूध न ओढणारे सुस्त बाळ यांस उन्हाचा सल्ला देऊन घरी पाठविणे म्हणजे मेंदूच्या कायमच्या इजेस वाट करून देणे होय. असे बाळ त्याच क्षणी रुग्णालयात गेले पाहिजे.

ड जीवनसत्त्वाचा हिशेब याहून वेगळा आहे. त्यास अतिनील 'ब' किरणच लागतात आणि ते कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळी ते पुरेसे मिळतात. काचेमागे बसून हे जीवनसत्त्व बनत नाही. सकाळच्या प्रकाशाचा लाभ निराळा आहे. डोळ्यातील काही पेशी निळसर प्रकाश टिपून शरीराच्या दिनचक्रास वेळ लावून देतात. यावरून मोबाइलविषयीही एक गोष्ट समजते. रात्री दोनपर्यंत पडद्याकडे पाहणाऱ्या रुग्णाची झोप बिघडण्यास टॉवरच्या लहरींचा संशय घेण्यापूर्वी त्या पडद्याचा प्रकाश आणि जागरण यांचा विचार करावा. निदानपरिवर्जन येथून सुरू होते.

औषधिद्रव्ये आणि गॅमा किरण

गॅमा किरणांशी आपला एक संबंध थेट औषधनिर्मितीतून येतो. तुर्भ्याच्या आयसोमेड केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्याचे गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण होते. वाशीच्या केंद्रात मसाल्यांबरोबर आयुर्वेदीय द्रव्येही किरणित केली जातात. लासलगावच्या केंद्रात कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून अल्प मात्रा देतात. 'मग ते चूर्ण किरणोत्सर्गी होते का?' असे रुग्ण विचारतो. होत नाही. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा अणुकेंद्रात तसा बदल घडवून आणण्यास अपुरी असते. मात्र एक मर्यादा सांगितली पाहिजे. किरणांनी जंतू मरतात, पण आधीच बुरशी धरलेल्या द्रव्यातील बुरशीचे विष त्यांनी सहसा नाहीसे होत नाही. द्रव्यसंग्रहणातील हयगय किरणांनी भरून निघत नाही.

मोबाइल आणि टॉवर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भारतात टॉवरच्या प्रारणाची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश करण्यात आली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट इतकी ठरली. दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे १००० वॅट असते. रेडिओलहरी त्वचेखाली अधिक खोल जातात, त्यामुळे ही तुलना केवळ उष्णतेपुरतीच घ्यावी, पण त्यातून अंदाज येतो. हॅन्डसेटसाठी दर किलोग्रॅम ऊतीमागे १.६ वॅट ही मर्यादा त्याच दिवसापासून लागू झाली.

येथे एक विरोधाभास आहे. शरीरास अधिक प्रारण मिळते ते कानाशी धरलेल्या फोनकडून, दूरच्या टॉवरकडून नव्हे. टॉवर दूर असला किंवा संकेत क्षीण असला तर फोन आपली शक्ती वाढवितो. म्हणून वस्तीतील टॉवर हलविल्याने रहिवाशांच्या डोक्याशी येणारे प्रारण कमी होण्याऐवजी वाढूही शकते.

कर्करोगाविषयी पुरावा काय सांगतो? २०११ साली वर उल्लेखिलेल्या संस्थेने रेडिओलहरींना '२ ब' म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात ठेवले. या वर्गाचा अर्थ 'पुरावा तोकडा आहे, पण शंका पूर्णतः फिटलेली नाही' असा आहे. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच संस्थेने त्याच वर्गात घातला आहे, हे वैद्यांनी लक्षात ठेवावे. २०१८ साली अमेरिकेतील प्रयोगात दोन वर्षे रोज सुमारे नऊ तास तीव्र प्रारण दिलेल्या नर उंदरांत हृदयातील एका अर्बुदाचे प्रमाण वाढलेले दिसले, पण तेच उंदीर प्रारण न दिलेल्या उंदरांपेक्षा अधिक जगले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला ६३ अभ्यासलेखांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचे अर्बुद यांचा संबंध आढळला नाही.

ज्यांना टॉवरजवळ डोकेदुखी, धडधड, अनिद्रा जाणवते, त्यांचे दुःख खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. परंतु यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्ण आणि परीक्षक दोघांनाही ठाऊक नसताना केलेले ४६ प्रयोग २०१० पर्यंत एकत्रित तपासले गेले. त्यांत अशा व्यक्तींना प्रारण ओळखता येते किंवा त्याने लक्षणे येतात, याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. लक्षणे खरी, कारण दुसरे. ते दुसरे कारण शोधणे हेच तर वैद्याचे काम. रक्तदाब, पांडुता, दृष्टिदोष, चिंता, अर्धावभेदक यांपैकी काही तरी टॉवरच्या आड लपून राहिले आणि वर्षभराने उघडकीस आले, तर त्याचा दोष त्या टॉवरला देता येणार नाही.

याच भयावर एक बाजारही उभा राहिला आहे. फोनला चिकटविण्याच्या पट्ट्या, गळ्यात घालण्याची पदके, 'ऊर्जा-संतुलक' यंत्रे सर्वत्र विकली जातात. २०२० साली शेणापासून केलेली चिप प्रारण कमी करते, असा दावा जाहीरपणे झाला आणि देशातील शेकडो वैज्ञानिकांनी त्याचा पुरावा मागितला. साधा विचार करा. एखादी पट्टी खरोखरच लहरी अडवू लागली, तर फोन तरी बंद पडेल किंवा संपर्क राखण्यासाठी अधिक जोराने प्रक्षेपण करील. फोन पूर्वीसारखाच चालत असेल तर पट्टी काहीच करीत नाही. अशा वस्तूंवर आयुर्वेदाचे नाव छापले जाते तेव्हा हानी आपल्या शास्त्राची होते. चरक-सुश्रुतांना रेडिओलहरी ठाऊक नव्हत्या आणि त्यात त्यांस कोणतेही उणेपण नाही. त्यांनी दिलेली अतियोग, हीनयोग आणि मिथ्यायोग ही कसोटी या विषयास पुरेशी आहे. आतपाचा अतियोग आणि हीनयोग दोन्ही आपण वर पाहिले. बाकुची लावून ऊन घेण्यातील अविचार हा मिथ्यायोग.

चिकित्सालयात काय करावे?

रुग्णाने टॉवरचा प्रश्न काढला की त्याची टिंगल करू नये. संपूर्ण परीक्षण करावे आणि मगच प्रारणाविषयी बोलावे. ज्यास काळजी वाटते त्याने इअरफोन वापरावा, लांबलचक संभाषण टाळावे, फोन उशाखाली ठेवू नये. हे उपाय फुकटचे आहेत आणि झोपेसही हितकर आहेत. हृदयात पेसमेकर बसविलेल्या रुग्णाने फोन सदऱ्याच्या खिशात न ठेवता किमान पंधरा सेंटीमीटर दूर ठेवावा. ही सूचना भयापोटी नव्हे, फोनमधील चुंबकाने यंत्राच्या कार्यात बाधा येऊ शकते म्हणून आहे. ज्यास सी. टी. स्कॅनची खरोखर गरज आहे, त्यास 'किरण वाईट' म्हणून परावृत्त करू नये, आणि गरज नसताना दर सहा महिन्यांनी तो करवून घेणाऱ्यास थांबवावे. स्त्री गर्भवती असल्यास क्ष-किरण तपासणीपूर्वी तिने तसे सांगितलेच पाहिजे, हे आवर्जून बजावावे.

अग्नी स्वयंपाकघरात असतो, यज्ञकुंडात असतो आणि वणव्यातही असतो. त्याला सरसकट भिणारा उपाशी राहतो आणि सरसकट न भिणारा भाजून घेतो. प्रारणाचेही तसेच आहे. कोणता किरण, कोणत्या द्रव्यावर, किती मात्रेत, एवढे विचारण्याची सवय आपण स्वतःला लावली आणि रुग्णासही लावली, तर त्याची अनेक भये आपोआप विरतील आणि बाकुचीच्या बाटलीवर मात्र तो दोन वेळा सूचना वाचील. हेच आजच्या काळातील एक जनपदहितकारी कार्य होय, अशी आमची श्रद्धा आहे.